टेबल खाली आलं की

१६० चौरस फुटांच्या खोलीत जेवायचं टेबल असणं ही वरळीच्या बीडीडी चाळीत मुद्दाम पाहायला येण्यासारखी गोष्ट होती. लोक येत. शेजारपाजारचे तर येतच, पण वरच्या मजल्यावर कुणाकडे गावाहून पाहुणे आले की त्यांनाही खाली आणलं जाई. ‘चला, अण्णांचं टेबल दाखवतो.’ अण्णा हातातला पेपर बाजूला ठेवून उठत, भिंतीवरच्या आरशावर वाळत घातलेला टॉवेल काढत, वरचा खटका सरकवत आणि आरशासकट ती फळी दोन्ही हातांनी धरून सावकाश खाली घेत. दोन्ही बाजूंच्या साखळ्या ताणल्या जात. पाहुणा हमखास फळीवर हात दाबून बघे. ‘माणूस झोपेल की हो यावर!’ अण्णा म्हणत, ‘झोपेल. झोपायच्याच वस्तूवरून केलंय.’

ती वस्तू म्हणजे रेल्वेच्या डब्यातला बर्थ. अण्णा, माझे वडील, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. जीआयपी रेल्वेनं १९१५ साली काढलेला हा कारखाना; डबे तिथं दुरुस्तीला येतात. अण्णा १९६३ साली लागले तेव्हा मद्रासजवळ पेरांबूरच्या कारखान्यातून पोलादी डबे निघायला लागून आठ वर्षं झाली होती, पण लाकडी अंगाचे जुने डबेही धावत होतेच, आणि सुतारांच्या वाट्याला त्यांचंच काम जास्त येई. खिडक्यांच्या झडपा, बाकांच्या पट्ट्या, दारांच्या चौकटी. डब्यात एक इंचही उगाच ठेवलेला नसतो, असं अण्णा म्हणत. दिवसा पाठ टेकायची ती रात्री झोपायची जागा, खिडकीशी हाताएवढी फळी उचलली की टेबल, सोडली की काही नाही. त्यांना घर असंच दिसायचं. एरवी तापट नव्हते, पण डबा कुणी ‘बोगी’ म्हटला की चिडायचे. बोगी म्हणजे खालची चाकांची गाडी, वरचं घर ते डबा.

आमचं घर डब्यापेक्षा फार मोठं नव्हतं. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत कामगारांसाठी या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, मधून लांबलचक बोळ आणि सगळ्यांना मिळून संडास. आमच्या खोलीत आजी, अण्णा, आई, काका, आत्या, मी आणि माझा धाकटा भाऊ. सात माणसं. खिडकीकडची चारेक फुटांची पट्टी लाकडी पार्टिशन घालून स्वयंपाकाला काढलेली, मोरीही तिथंच. पार्टिशनला दार नव्हतं, तीन फुटांची मोकळी वाट होती. त्या वाटेच्या तोंडाशी, उजव्या भिंतीला, अण्णांचं टेबल.

आता जमिनीवर जेवणाऱ्या घराला टेबल लागतंच कशाला? जेवणासाठी ते केलंच नव्हतं. काका एसएससीला होते, जमिनीवर वही ठेवली की मोरीचं पाणी तिच्यापर्यंत यायचं, म्हणून अण्णांच्या मनात अभ्यासाची फळी होती. मोडीत निघालेल्या डब्यांचं सागवान लिलावात जाई. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्यानं तिथून उचललेल्या दोन फळ्या अण्णांनी त्याच्याकडून वजनावर विकत घेतल्या आणि कॉटखाली टाकल्या. तिथं त्या कितीतरी दिवस पडून होत्या. मग १९७४ चा रेल्वेचा संप आला. ८ मेला सुरू झाला, वीस दिवस चालला. बाहेर धरपकड चालू, आजी अण्णांना चाळीच्या फाटकाबाहेर पाय टाकू देईना. रोज आठ तास रंधा मारणारे हात घरात रिकामे बसले. त्या वीस दिवसांत टेबल झालं, आणि अभ्यासाची फळी पुढे जेवणाची झाली. मी तेव्हा चार वर्षांची, मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतो तो बोळात पायाला लागणारा लाकडाचा भुगा, आणि तोही आईनं पुढे सांगितल्यामुळेच आठवत असेल.

ते टेबल मी आजही डोळे मिटून काढू शकते. लांबी चार फूट, रुंदी बावीस इंच. दोन फळ्यांचा जोड इतका बेमालूम की त्यावर पाणी सांडलं तर खाली थेंब पडत नसे. डब्यात असताना पडलेली स्क्रूची भोकं लाकडाच्याच गुट्ट्या ठोकून बुजवलेली. वर्षानुवर्षं हात फिरून फिरून फळी काळसर झाली, गुट्ट्या मात्र तांबूस राहिल्या. बिजागऱ्या पितळेच्या आणि त्यांच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा उभ्या. एकही आडवी नाही, तिरकी नाही. आडव्या खाचेत मळ बसतो, ओल धरते, असं त्यांचं म्हणणं. स्क्रू पूर्ण आवळल्यावर खाच उभी आली पाहिजे, म्हणजे भोक तेवढ्याच बेतानं पाडायला हवं. पाय नव्हतेच, सगळा भार भिंतीवर आणि साखळ्यांवर. फळी वर करून खटका लावला की तिची खालची बाजू खोलीकडे यायची, आणि त्या बाजूला अण्णांनी आरसा बसवला होता, शेजारी कालनिर्णय टांगायला खिळा. सकाळी ते त्या आरशात दाढी करत. टेबल खाली असलं की आरसा जमिनीकडे तोंड करून असे. आम्ही मुलं खाली उताणे पडून त्यात आपली थोबाडं बघायचो आणि वर जेवणाऱ्या काकांच्या लाथा खायचो.

उरलेल्या लाकडाची तीन स्टुलं केली होती, एकात एक बसणारी. सगळ्यात लहान स्टूल भावाचं, आणि तो मोठा झाल्यावरही भांडण नको म्हणून त्याचंच राहिलं. माणशी दोन फूट जागा लागते हा नियम मी आत्ताआत्ता दुकानदारांच्या तोंडून ऐकला. आम्ही चार फुटांत तिघं बसायचो. काका कडेला, साखळीशी, कारण त्यांना डाव्या हातानं जेवायची सवय आणि कोपर कुठंतरी जायला हवा. पहिल्या बारीला मुलं आणि काका. दुसऱ्या बारीला अण्णा, आत्या आणि कुणी आलं-गेलं असेल ते. आजी कधीच वर बसली नाही. तिचा पाट पार्टिशनला उभा टेकवलेला असे, तो आडवा पडला की तिची जेवायची वेळ झाली. १९८२ च्या गिरणी संपात शेजारच्या दोन घरांतली मुलं आमच्याकडे जेवायला असत, तेव्हा तिसरी बारीही व्हायची. आईचा तवा उतरतच नसे.

तर असं टेबल. चाळीत त्याचं कौतुक, आम्हा भावंडांना त्याचा केवढा अभिमान. शाळेत ‘माझे घर’ या निबंधात मी खोलीचं वर्णन दोन ओळींत उरकून उरलेलं पान टेबलावर लिहिलं होतं.

अण्णांना जेवायच्या जागेची ही हौस कुठून लागली असेल, याचं माझ्या मनातलं उत्तर डेक्कन क्वीन. १ जून १९३० पासून मुंबई–पुणे धावणारी ही गाडी, आणि तिच्यातली उपाहारगाडी, जिथं खुर्चीवर बसून, टेबलावर बशी ठेवून खाता येतं. आमच्या लहानपणी तिच्यात एका वेळी ३२ जण बसत. आत्याच्या लग्नाला पुण्याला जाताना अण्णांनी आम्हाला त्यात नेलं. कटलेट, टोस्ट, चहा. आई बिल बघून गप्प झाली. अण्णांचं लक्ष बशीत नव्हतंच. ते टेबलाची कड आणि खुर्चीची बैठक यांच्यामध्ये वीत लावून बघत होते. वेटर थांबला, त्याला वाटलं काही सांडलं. अण्णा म्हणाले, ‘काही नाही, तुमचं टेबल बरोबर आहे.’ मला त्या वेळी भयंकर लाज वाटली होती.

त्यांची वीत बरोबर नऊ इंचांची होती, आणि ते तिच्यात चार बोटं मिळवून सांगायचे. बैठकीपासून टेबलाच्या वरच्या पातळीपर्यंत बारा इंचांच्या आत अंतर हवं, दहाच्या खाली नको. बैठक जमिनीपासून अठरा, टेबल तीस. यापेक्षा टेबल उंच झालं तर खांदे उचलून जेवावं लागतं, बुटकं झालं तर माणूस ताटावर वाकतो. आजही फर्निचरच्या कुठल्याही दुकानात टेप लावा, हेच आकडे येतात. अण्णांनी आमचं टेबल मात्र अठ्ठावीसवर बसवलं होतं, आईच्या उंचीला वाढायला सोपं जावं म्हणून.

चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ साली झालं. आमची इमारत रिकामी करायची वेळ आली तेव्हा अण्णांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. सामान बांधायला भाऊ, वहिनी, मी, सगळे होतो, पण टेबल त्यांनी कुणाला काढू दिलं नाही. स्टुलावर बसून एकेक स्क्रू सोडवला. स्क्रू, खटका आणि बिजागऱ्या बूटपॉलिशच्या दोन डब्यांत भरल्या, साखळ्या कागदात गुंडाळल्या, फळी जुन्या सोलापुरी चादरीत. भिंतीवर फिकट हिरवा आयत राहिला; मूळ रंग तो होता हे त्या दिवशी कळलं. ‘नव्या घरात आधी हे लागेल, मग बाकीचं,’ असं सांगून त्यांनी चादरीची गाठ मारली.

संक्रमण शिबिराच्या गाळ्यात ती गाठ सुटली नाही. तिथं ते नव्या घराचा नकाशा काढत बसायचे. ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. माहितीपत्रकातला छापील नकाशा त्यांनी चौकटीच्या वहीत मोठा करून उतरवला, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते कमानी काढून दाखवलं, आणि स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटेशी, भिंतीला, लाल पेन्सिलीनं एक आयत काढला. चार फूट बाय बावीस इंच. शेजारी तुटक रेषेत वर केलेली फळी. २०२२ च्या पावसाळ्यात ते गेले. झोपेतच. बाराव्याच्या जेवणाला केटररनं शिबिराच्या आवारात घडीची लांब टेबलं लावली. पाहुणे बसायच्या आधी माझा भाऊ खाली वाकून प्रत्येक टेबलाच्या पायांचा खटका बसलाय का ते तपासत होता. आम्ही दोघंही त्याबद्दल पुढे कधी काही बोललो नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या. आमची त्यात होती. गाद्या, कपाटं, गॅसचं सगळं भराभर झालं. टेबलापाशी गाडी अडली.

पहिला अडथळा दुकानदारांच्या पहिल्याच प्रश्नाचा. ‘घरात माणसं किती?’ खरं उत्तर तीन: आई, भाऊ, वहिनी. भाचा बंगळूरला नोकरीला, दिवाळीला येणार. मी डोंबिवलीची, महिन्यातून एखादा रविवार. नातेवाईक धरले तर वीस. भावाच्या तोंडून ‘चार’ निघालं, आणि बाहेर आल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. कुठला चौथा त्याच्या मनात होता ते मी विचारलं नाही.

दुसरा अडथळा अंकगणिताचा. चार माणसांचं साधं टेबल चार फूट बाय अडीच. बसलेल्या माणसामागून दुसऱ्याला जायचं तर टेबलाच्या कडेपासून तीन फूट मोकळे हवेत. दोन्ही अंगांना खुर्च्या मांडल्या तर तीन, अडीच, तीन, म्हणजे रुंदीतच साडेआठ फूट. चौतीस चौरस फूट जागा नुसत्या जेवणाला; जुन्या खोलीचा पाचवा हिस्सा! नव्या हॉलमधल्या ज्या कोपऱ्यात टेबल बसायचं तो भिंतीपासून सोफ्यापर्यंत साडेसात फूट. एक फूट कुठून आणायचा यावर आम्ही महिनाभर मुंबई हिंडलो. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गेलो, उल्हासनगरला गेलो, तुर्भ्याच्या आयकियात लहान घरं मांडून ठेवलेली असतात ती पाहिली. वहिनी दर ठिकाणी फोटो काढायची, मी टेप लावायची.

गोल टेबल आधी सगळ्यांना आवडलं. तीन फूट व्यासात चौघं बसतात, कोपरे लागत नाहीत, मधोमध एकच खांब असला तर पायात पाय अडकत नाहीत. पण पंच्याहत्तरीचं माणूस उठताना टेबलाच्या कडेवर भार देतं, आणि एका खांबाचं हलकं टेबल अशा वेळी त्याच बाजूला कलतं. आईनं दुकानात तसं केलं, वरची फुलदाणी घसरली, विक्रेत्या मुलानं झेलली. काचेचं टेबल नजरेला अडत नाही, खोली मोठी वाटते, हे खरं आहे; मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनाही त्याची कड दिसत नाही, हेही तितकंच खरं. मग बाक. भिंतीला बाक लावला तर त्या बाजूला मागून जायची जागा लागत नाही, सगळा हिशेब झकास बसतो. फक्त आत बसलेल्या माणसाला उठायचं तर बाहेरच्याला आधी उठावं लागतं. आई म्हणाली, ‘म्हणजे मी आत बसले की बसलेच.’

खुर्च्यांचंही तेच. मला मनापासून हव्या होत्या त्या इराण्याच्या हॉटेलातल्यासारख्या वाकवलेल्या लाकडाच्या, काळ्या, गोल बैठकीच्या. त्या धाटणीची मूळ खुर्ची मिखाएल थोनेट यांच्या कारखान्यानं १८५९ साली काढली: वाफेवर वाकवलेलं बीच लाकूड, सहा भाग, दहा स्क्रू, आणि सुटे केले तर ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. जागा वाचवण्याची अशी अक्कल जगात थोड्यांनाच असेल, अण्णांनी त्यांना घरी चहाला बोलावलं असतं. ओशिवऱ्याला जुनी जोडी मिळत होती, भावही बरा होता. आई बसली. छान आहे म्हणाली. मग उठायला लागली आणि दोन्ही हात आपोआप बाजूला गेले, धरायला काही नव्हतं. गुडघे गेलेल्या माणसाला खुर्चीला हात लागतात. पाठ कशीही चालेल, गादी नसली तरी चालेल, हात हवेत. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

शेवटी सगळ्या वाटा घडीच्या टेबलाकडे जाऊ लागल्या. हल्ली त्यात इतके प्रकार निघालेत की अण्णा खुळे झाले असते. दोन्ही पंख खाली सोडले की जेमतेम फुटाची पट्टी उरणारं, कपाटाच्या दारातून खाली येणारं, मधून ओढलं की पोटातली फळी वर उचलून चाराचं सहा होणारं. भावाला यातलं एक हवं होतं. मी म्हटलं, विकत कशाला घ्यायचं? घरात आहेच की. चादरीची गाठ सोडू, आरसा पुसू, अण्णांनी जागासुद्धा आखून ठेवलीय. सुताराला बोलावलं. त्यानं भिंतीवर दुमडलेल्या बोटांनी टकटक करून पाहिलं, इथं फास्टनर घालावे लागतील, साधे स्क्रू धरणार नाहीत, पण होईल म्हणाला. फळी उलगडून पाहिली आणि बराच वेळ जोडावरून अंगठा फिरवत राहिला. ‘हे कुणी केलंय?’ त्याला सांगताना माझा गळा दाटून आला. मला वाटलं, झालं, जमलं.

आई कॉटवर बसून वहीतला नकाशा बघत होती. चष्मा वर करून म्हणाली, ‘बघ, परत वाटेतच काढलंय.’

आम्हाला कुणालाच कळेना.

‘लाल रेघ बघ की. ओट्याकडे जायची वाट ही. टेबल खाली आलं की वाट बंद. चाळीत काय होतं मग? टेबल खाली आलं की मी पलीकडे, तुम्ही सगळे अलीकडे. आणि तुमची तोंडं भिंतीकडे. चाळीस वर्षं मी तुमच्या पाठी बघितल्यात जेवताना. कुणाला आवडलंय, कुणाचं बिनसलंय, पाठीवरून ओळखायची. साखळीखालून हात घालून वाढायची.’ थोडं थांबली. ‘घडीचं नको मला. जे काय घ्याल ते एकदा मांडा नि राहू दे मांडलेलं.’

‘अण्णांना कधी बोलली नाहीस?’

‘बोलले होते की. त्यांनी दोन दिवस सगळ्या भिंती मोजल्या. म्हणाले, दुसरीकडे बसत नाही. बसत नव्हतंच. त्यात त्यांची काय चूक?’

मग तिला आठवत गेलं. शेवटची बारी झाली की आम्ही स्टुलं एकात एक घालायचो, अण्णा फळी वर करायचे, खटका लागल्याचा आवाज यायचा. तो आवाज आला की वाट मोकळी. ती पुसलेल्या फरशीवर पाट घ्यायची आणि आरशाखाली बसून जेवायची. हे मीही रोज बघितलेलं. तिचं ताट, तिच्या डोक्यावर आरशात दिसणारा चाळीचा दिवा, सगळं मला आठवतं. शाळेच्या निबंधातही बहुतेक लिहिलं असेल, आई सर्वांत शेवटी जेवते, तसं सगळीच मुलं लिहायची.

दुकानांतली ती घडीची टेबलं मला आता वेगळी दिसायला लागली आहेत. फोटोत ती एकतर उघडी असतात, फुलं वगैरे ठेवून, नाहीतर मिटलेली असतात, भिंत स्वच्छ. उघड्याचं मिटलेलं करणारे हात कुठल्याच फोटोत नसतात. ताटं उचलून, पुसून, खुर्च्या सारून, दिवसातून दोनदा ते करायचं कुणी, याचं उत्तर आमच्या घरात तरी ठरलेलं होतं. जागा वाचत होती ती आईच्या हिश्श्यातली. अण्णांच्या कारागिरीत खोट काढायला मी हे लिहीत नाहीये. तसा जोड आज कुणी करून दाखवावा. पण आई त्या कारागिरीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती, आणि तिथून ते टेबल कसं दिसतं हे ते गेल्यावर तीन वर्षांनी, सुतारासमोर, सहज बोलता बोलता कळलं.

घेतलं ते रबरवुडचं, चार फूट बाय अडीच, चार कोपऱ्यांना चार जाड पाय. केरळात रबराची झाडं चीक द्यायची थांबली की तोडतात, त्याचं लाकूड. सागवानासमोर काहीच नाही, पण जड आहे, कलत नाही. सोफा आखूड घेतला, तिथून फूट मिळाला. तीन साध्या खुर्च्या आणि एक हातांची. हातांची खुर्ची कुठं ठेवायची ते आईनं स्वतः उभं राहून ठरवलं: पाठ ओट्याकडे, तोंड हॉलकडे, समोर सगळे.

अण्णांची फळी मी डोंबिवलीला नेली. टॅक्सीच्या टपावर बांधून, पुढच्या खिडकीतून एक साखळी हातात धरून. आईनं निघताना सुताराला थांबवलं आणि आरसा तेवढा सोडवून घेतला. तो तिच्या पलंगाशेजारी आहे, त्याच्या एका कोपऱ्याचा पारा उडालाय. ‘दाढीचं पाणी तिथं उडायचं,’ एवढंच म्हणाली, आणि नवीन चकचकीत आरसा आणू का म्हणून विचारणाऱ्या वहिनीला गप्प केलं. बूटपॉलिशच्या डब्या मात्र माझ्याकडे आल्या. फळी लावायला आमच्या फ्लॅटमध्ये भिंत शोधतेय. नवरा म्हणतो बाल्कनीत लाव. मी अजून काही ठरवलेलं नाही. अभ्यासाला लावावी, मूळ कामाला, असं मनात आहे.

नव्या टेबलाची एक भानगड घरी आल्यावर लक्षात आली. टेबलाच्या फळीखाली चारी बाजूंनी चार इंचांची आडवी पट्टी आहे, आणि आईच्या खुर्चीचे हात बरोबर त्या पट्टीला अडतात. दुकानात टेबल एका मजल्यावर होतं, खुर्ची दुसऱ्या, त्यामुळे एकत्र लावून कुणी पाहिलंच नव्हतं. परिणाम असा की बाकीच्या तीन खुर्च्या जेवण झाल्यावर आत सरकतात, आईची सरकत नाही. ती दिवसभर फूटभर बाहेर असते. मागे फ्रिज आहे, त्याचं दार आता अर्धंच उघडतं. भावानं हात दीड इंच कापून घ्यायचं सुचवलं, सुतार तासाभरात करून देईल म्हणाला. आई म्हणाली, राहू दे, मला उठायला तेवढीच उंची बरी पडते. त्यामुळे वहिनी भाजीचा ट्रे तिरका करून काढते, दुधाचं पातेलं वरच्या कप्प्यात गेलंय, आणि परवा आत्या राहायला आली तेव्हा तिनं दोनदा त्या खुर्चीला ठेचकाळून विचारलं, ‘ही मेली खुर्ची इथं वाटेत कशाला ठेवलीय?’ आई त्या वेळी खुर्चीतच बसलेली होती. तिनं आत्याला दुसऱ्या बाजूनं यायला सांगितलं.